माणूस जन्माने ठरतो काय? : महात्मा जोतीराव फुले यांचे जीवन

जून महिना उजाडला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील गावोगावी पालकांच्या तोंडून एक तक्रार हमखास ऐकू येते. पोराच्या डोक्यात काही शिरतच नाही; आमच्या खानदानात कोणी शिकलेले नाही, तेव्हा याच्याही नशिबात ते नसणार; त्यापेक्षा कल्याणला एखाद्या गॅरेजवर घातलेला बरा. मुलीच्या बाबतीत तर तक्रारीचीही गरज भासत नाही. ती मुलगी आहे, एवढे कारण पुरते. असे बोलणारे आईबाप मुलांचे वैरी नसतात. लेकरांवर त्यांचा जीव असतो. पण माणूस म्हणजे काय, याविषयी एक समजूत त्यांच्या मनात घर करून बसलेली असते. खाण तशी माती, असे आपण सहज म्हणून जातो, त्यातली ती समजूत. माणूस जन्मतःच ठरून आलेला असतो, घडवून तो फारसा घडत नाही, असा तिचा अर्थ.

याच्या उलट समजूतही तितकीच जुनी आहे. प्रत्येक मूल निर्मळ फितरत घेऊन जन्माला येते, पुढे त्याला घडवतात ते त्याचे आईबाप आणि भोवतालची माणसे, ही इस्लामची शिकवण आपण मदरशात लहानपणीच ऐकतो. ट्यूनिस येथे 1332 साली जन्मलेला थोर इतिहासकार इब्न खल्दून याने आपल्या मुकद्दिमा या ग्रंथात हीच गोष्ट इतिहासाच्या अंगाने तपासली. शहरातला माणूस खेड्यातल्या माणसापेक्षा हुशार दिसतो तो मुळात अधिक बुद्धी घेऊन आलेला असतो म्हणून नव्हे. शहरात विद्या आणि हुन्नर यांचा सराव घडतो, म्हणून. सहाशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आहे. आपल्या पाड्यावरच्या शाळेला ते आजही लागू पडते.

या दोन समजुतींचा झगडा पुस्तकापुरता राहत नाही. शाळा कोणासाठी काढायची, कर कोणावर बसवायचा, यंत्र कोणासाठी चालवायचे, कायदा कोणाला गुन्हेगार धरणार, हे सारे त्या झगड्यातून ठरत आले आहे. आपल्या महाराष्ट्रात हा झगडा ज्यांनी आयुष्यभर अंगावर घेतला ते जोतीराव गोविंदराव फुले. त्यांचा फोटो प्रत्येक शाळेत असतो आणि 11 एप्रिलला त्याला हार घातला जातो. फोटोतल्या माणसाची गोष्ट मात्र पुष्कळांना दोन ओळींपलीकडे ठाऊक नसते. म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

जोतीरावांचा जन्म 1827 सालचा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात येऊन पेशव्यांच्या दरबाराला फुले पुरवण्याचे काम मिळाले आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. आई चिमणाबाई मूल वर्षाचे होण्याआधीच गेली. सगुणाबाई नावाच्या नात्यातल्या बाईंनी त्यांना आईच्या मायेने वाढवले. वडिलांनी मुलाला मराठी शाळेत घातले, पण थोड्याच वर्षांत काढून मळ्यावर लावले. दुकानातल्या एका कारकुनाने त्यांच्या मनात भरवून दिले होते, की माळ्याचा पोरगा शिकून बिघडेल, मग तो ना शेतीच्या कामाचा राहील ना नोकरीच्या. या कारकुनाला दुष्ट म्हणून सोडून देऊ नका. तो त्या काळची सर्वमान्य समजूतच बोलत होता. आणि गोविंदरावांनाही ती पटली होती.

यापुढची गोष्ट आपल्या समाजाने विसरता कामा नये. फुल्यांच्या शेजारी गफार बेग मुन्शी नावाचे उर्दू-फारसीचे जाणकार गृहस्थ राहत असत. मळ्यात राबून आलेला हा मुलगा रात्री दिव्याच्या उजेडात पुस्तक घेऊन बसतो, हे त्यांच्या नजरेस पडले. त्यांनी आणि लिजिट नावाच्या एका साहेबाने गोविंदरावांची समजूत घातली, आणि 1841 साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. त्यांचे वय तेव्हा चौदा वर्षांचे. लग्नही झालेले होते; 1840 साली नायगावच्या सावित्रीबाईंशी. शाळा सुटून तीन वर्षे मळ्यावर काढलेल्या, लग्न झालेल्या चौदा वर्षांच्या मुलाला आज आपल्यापैकी किती जण पुन्हा शाळेत पाठवतील? एका शेजाऱ्याने तोंड उघडले म्हणून महाराष्ट्राला जोतीराव मिळाले. आपल्या मोहल्ल्यातही अशी तोंडे उघडण्याची गरज असते.

मिशनच्या शाळेत त्यांना निरनिराळ्या जातींचे मित्र लाभले. सदाशिव बल्लाळ गोवंडे आणि मोरो विठ्ठल वाळवेकर हे त्यांचे ब्राह्मण मित्र जन्मभर त्यांच्या कार्यात राहिले, हे मुद्दाम सांगतो. कारण जोतीरावांचा झगडा एका समजुतीशी होता, ती बाळगणाऱ्या एखाद्या माणसाच्या जन्माशी नव्हता. तसा तो जन्माशी असता तर त्यांनी आपल्याच तत्त्वाला हरताळ फासला असता. याच सुमारास, 1847 साली, थॉमस पेन या इंग्रज लेखकाचे माणसाच्या हक्कांवरील पुस्तक त्यांच्या वाचनात आले. पेन अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात आणि फ्रान्सच्या राज्यक्रांतीत वावरलेला माणूस. हक्क राजा देत नाही, ते माणसाला माणूस म्हणून जन्मतःच असतात, असे त्याचे सांगणे. जन्माने काय मिळते याचे हे उत्तर आपल्याकडच्या उत्तराच्या नेमके उलट होते. इथे जन्माने दर्जा मिळत होता. पेन म्हणत होता जन्माने समता मिळते. पुढल्याच वर्षी जोतीराव एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत गेले असता खालच्या जातीचा म्हणून त्यांचा अपमान झाला. पुस्तकात वाचलेले आणि अंगावर आलेले यांची गाठ पडली.

त्याच वर्षी ते गोवंड्यांसोबत अहमदनगरला गेले आणि मिस फरार या अमेरिकन बाईंची मुलींची शाळा त्यांनी पाहिली. परत येऊन 1848 मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. शिक्षिका कोठून आणायची? जोतीरावांनी सावित्रीबाईंना स्वतः शिकवून तयार केले. त्या शाळेला जाऊ लागल्या की रस्त्यावरून शेण आणि चिखल अंगावर येई. एक जादा लुगडे सोबत नेण्याचा त्यांचा रिवाज सर्वांना ठाऊक आहे. भाऊबंदांच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलाला सांगितले, की शाळा सोड नाहीतर घर सोड. पतिपत्नींनी 1849 साली घर सोडले. त्या वेळी उस्मान शेख या मित्राने त्यांना आसरा दिला, असे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंनी आजारपणात माहेरी नायगावला असताना 1856 च्या ऑक्टोबरमध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव येते. आपल्यामागे शाळेचा भार तिच्यावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्यातला भाव आहे. इतिहासाने तिची नोंद एवढीच ठेवली. पण सहकारी कसा असावा हे त्या एवढ्याशा नोंदीतून कळते.

आता शाळा काढणे म्हणजे मोठी देणगी देऊन पाटी लावणे नव्हते. जोतीरावांच्या दृष्टीने ती एक परीक्षा होती, आणि तिच्यात मुलांचा नव्हे तर समाजाचा कस लागणार होता. मुलीला बुद्धी नसते, महार-मांगाला विद्या पचत नाही, हे खरे की खोटे ते शिकवून पाहिल्यावाचून कसे कळणार? त्यांनी शिकवून पाहिले. 1852 मध्ये अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. त्याच वर्षी सरकारने विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा जाहीर सत्कार केला. पण माझ्या मते खरा सत्कार तीन वर्षांनी झाला, आणि तो एका लहान मुलीने केला. मुक्ताबाई हिचे नाव. मांग जातीत जन्मलेली, फुल्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेली. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने एक निबंध लिहिला आणि 1855 साली तो ज्ञानोदय नियतकालिकात छापून आला. आपल्या लोकांना जमिनीवरून कसे हुसकले, विद्या कशी बंद केली, धर्माच्या नावाखाली काय काय सोसावे लागले, हे ती निर्भयपणे मांडते. भाषा अशी, की आजच्या दहावीच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावी. ज्यांच्या डोक्यात काही शिरणारच नाही असे हजारो वर्षे ठरवून टाकले होते, त्यांच्यातल्या एका मुलीला अवघी तीन वर्षे शाळा मिळाली, तर हे घडले. यावर पंडितांनी कितीही वाद घातला तरी ती छापील पाने खोटी ठरत नाहीत.

त्याच वर्षी त्यांनी घरी प्रौढांची रात्रशाळा सुरू केली. दिवसभर राबणारे शेतकरी आणि मजूर तेथे येत.

दुसरी हकीकत 1856 ची. जोतीरावांना मारण्यासाठी दोन मारेकरी रात्री त्यांच्या घरात शिरले. एक रोडे, दुसरा धोंडिराम कुंभार. पैशासाठी आलो, असे त्यांनी सांगितले. चरित्रकार लिहितात, की जोतीरावांनी त्यांना शांतपणे विचारले, आणि आपल्या मरणाने गरिबांचे भले होत असेल तर खुशाल मारा म्हणून मान पुढे केली. ते दोघेही पाया पडले. पुढे रोडे त्यांचा रखवालदार झाला. धोंडिराम रात्रशाळेत शिकला आणि सत्यशोधकांचा पंडित म्हणून नावाजला गेला. त्याच काळात सरकारचे विचार कसे चालले होते पाहा. 1871 साली इंग्रजांनी एक कायदा केला आणि पुढे तो वाढवत वाढवत देशभर नेला. काही जमातींतील माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात असे त्यात गृहीत धरलेले होते. पाळण्यातल्या पोरावर चोराचा शिक्का! हा कायदा स्वतंत्र भारतात 1952 मध्ये रद्द झाला, पण शिक्का अजून पुसलेला नाही. एका बाजूस संपूर्ण साम्राज्य आणि दुसऱ्या बाजूस पुण्यातले एक घर, जेथे हाती शस्त्र घेऊन आलेल्या माणसाच्या हाती पाटी दिली गेली. माणसाविषयीच्या दोन कल्पना याहून स्पष्ट कोठे दिसणार?

युरोपातही तेव्हा हाच वाद रंगला होता. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज विद्वानाने 1869 मध्ये पुस्तक लिहून बुद्धी घराण्यातून वारशाने येते असे मांडले. थोर घराण्यांतील पुत्र थोर निघतात, हा त्याचा पुरावा. त्या पुत्रांना शाळा, पुस्तके, ओळखी आणि पैसा हेही वारशाने मिळतात, याचा हिशेब त्याने नीट धरला नाही. त्याच्या विचारातून पुढे माणसांची पैदास सुधारण्याचे शास्त्र निघाले. अमेरिकेतील इंडियाना राज्याने 1907 मध्ये नालायक ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला, आणि जर्मनीत 1933 नंतर हिटलरच्या राजवटीने तोच विचार कोठवर नेला ते आपण जाणताच. घरात बसून सहज उच्चारलेली खाण तशी माती ही म्हण राजसत्तेच्या हाती गेली की तिचे असे रूप होते.

जोतीराव या जागतिक घडामोडींपासून दूर नव्हते. 1873 साली त्यांनी गुलामगिरी हे पुस्तक लिहिले आणि अमेरिकेत काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना ते अर्पण केले. पुण्याच्या माळ्याला अमेरिकेतल्या गुलामाचे काय, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्या अंगणातून जाणाऱ्या रेल्वेत आहे. 1793 मध्ये अमेरिकेत कापसाची सरकी काढण्याचे यंत्र निघाले. वाटले होते यंत्राने गुलामांचे कष्ट कमी होतील, झाले भलतेच. कापूस फायद्याचा झाला, लागवड वाढली आणि गुलामांची मागणीही वाढली. काळा माणूस निसर्गतःच राबण्यासाठी आहे ही कल्पना कायम होती, म्हणून यंत्र तिच्या चाकरीस लागले. पुढे 1861 ते 1865 या काळात त्या प्रश्नावर तेथे यादवी युद्ध झाले, अमेरिकेचा कापूस बंद झाला आणि मुंबईला आपल्या कापसाचे सोन्यासारखे मोल आले. नेमक्या याच काळात थळ घाटाचे काम पुरे होऊन 1865 मध्ये कसाऱ्यावरून गाडी घाट चढू लागली. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी या आपल्या स्टेशनांवरून खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात उतरू लागला. अमेरिकेतल्या गुलामाचे आणि आपले नाते असे लोखंडाच्या रुळांनी जोडलेले आहे.

मुंबईत या कापसावर गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीमालकांची समजूत अशी, की मजूर हा स्वभावानेच आळशी. सुटी दिली तर ताडीच्या गुत्त्यावर जाईल. तेव्हा आठवड्याची सुटीसुद्धा नको. या समजुतीशी झुंजले ते जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. ते आपल्या ठाण्याचे, 1848 साली तेथेच जन्मलेले. दीनबंधु हे पत्र त्यांनी 1880 पासून चालवले, 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली, आणि 1890 च्या जूनमध्ये रविवारची सुटी मिळवली. रविवारी आपण घरी असतो त्यामागे ही हकीकत आहे.

पुन्हा जोतीरावांकडे वळू. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलालाची गरज नाही, सर्व माणसे एका निर्मिकाची लेकरे आहेत, हा त्याचा गाभा. आपल्या तौहीदच्या आणि मुसावातच्या शिकवणुकीशी तो किती जवळ आहे हे सांगायला नको. जोतीरावांनी पैगंबरसाहेबांवर मानव महंमद ही कविताही लिहिली आहे. 1876 पासून काही वर्षे ते पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला तेव्हा त्याला विरोध करणारे ते एकटे होते. तो पैसा शिक्षणाला द्यावा, असे त्यांचे म्हणणे. नगरपालिकेच्या राजकारणाविषयी एवढे पुरे.

खरी महत्त्वाची घटना 1882 ची. हिंदुस्थानातील शिक्षणाची चौकशी करण्यासाठी सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. याच आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाचाही वेगळा विचार केला. तोवर सरकारी धोरण असे, की वरच्या वर्गातील थोड्या लोकांना उत्तम इंग्रजी शिक्षण द्यावे, मग त्यांच्याकडून विद्या आपोआप खाली झिरपेल. मेकॉलेसाहेबांच्या 1835 च्या टिपणापासून हा विचार चालत आलेला. वरचे मडके भरले की खालच्यात पाणी उतरणारच, असा तो हिशेब. जोतीरावांनी आपल्या निवेदनात या हिशेबातली चूक दाखवली. तिजोरीत पैसा येतो शेतकऱ्याच्या घामातून, खर्च होतो वरच्यांच्या मुलांवर, आणि शिकलेली ती मंडळी खाली काहीच झिरपू देत नाहीत. वरचे मडके भरत राहिले, खालचे कोरडेच.

त्यांच्या मागण्या साध्या आणि नेमक्या होत्या. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पोटापुरता नीट पगार मिळावा, आणि ते शेतकरी वर्गातूनही घ्यावेत. कारण ते मुलांत मिसळतील, गरज पडल्यास नांगर धरतील. अभ्यासक्रमात हिशेब, आरोग्य आणि शेतीचे व्यवहारी ज्ञान असावे. मी बी.एड.ला शिकलो तेव्हा शिक्षणशास्त्राच्या जाड पुस्तकांत परदेशी नावांची रांग होती. आपल्याच पुण्यातल्या या निवेदनात त्यातले कितीतरी आधीच येऊन गेले आहे, हे मला नंतर वाचताना जाणवले.

सरकारने ऐकले नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सर्व संस्थानात शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये कायदा केला. मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगही त्यांनीच 1906 मध्ये उभे केले होते. ब्रिटिश मुलखासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 मध्ये विधेयक मांडले, ते पुढल्या वर्षी फेटाळले गेले. मजुरांची पोरे शाळेत गेली तर शेतावर कोण राबणार, ही भीती बोलून दाखवली गेली. मनुष्यस्वभावाच्या गोष्टी कितीही तात्त्विक केल्या तरी तळाशी बहुधा कोणाचा तरी फायदा असतो. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आपल्या संसदेने केला तो 2009 साली. जोतीरावांच्या मागणीला तोवर 127 वर्षे लोटली होती. आणि तरीही आठवीनंतर मुलगी घरी बसते. चौदाव्या वर्षी कायद्याचा हात सुटतो तेथे आईबापांचाही हात सुटू लागला, तर वर्ष 1882 असो की आजचे, त्या मुलीच्या दृष्टीने फरक काय?

जोतीराव नुसते बोलणारे सुधारक नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. ते धंद्याने कंत्राटदार होते. धातूचे ओतकाम करण्यास लागणाऱ्या मुशी विकण्याची त्यांची एजन्सी होती. खडकवासल्याच्या धरणाच्या बांधकामाला त्यांनी माल पुरवला. धरण कसे बांधतात, दगड कोण फोडतो आणि पाणी कोणाकडे जाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. 1883 मध्ये लिहून पुरे केलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात त्याचा अनुभव दिसतो. इंग्रज अंमलदार म्हणत, शेतकरी कर्जबाजारी होतो तो लग्नात उधळतो म्हणून. त्याचा स्वभावच तसा. जोतीरावांनी आकडेमोड करून दाखवले, की सारा, सावकार, कोर्टकचेरी आणि लाच यांत तो बुडतो. मग उपाय सुचवले. डोंगरउतारावर ताली-बांध घालून पावसाचे पाणी शिवारात मुरवावे, माती वाहून जाऊ देऊ नये, ओढ्या-नाल्यांवर लहान बंधारे आणि तलाव बांधावेत, उत्तम जातीची जनावरे आणावीत, शेतकी प्रदर्शने भरवावीत, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचे शिक्षण द्यावे.

हे वाचताना आपला तालुका डोळ्यांसमोर येतो. शहापूर आणि मुरबाडवर पाऊस कोसळतो तो धो धो. 1892 मध्ये तानसाचे धरण पुरे झाले, पुढे वैतरणा आणि भातसा आले, आणि आपल्या डोंगरांतले पाणी नळांनी मुंबईला पोहोचले. मुंबईकरांनी पाणी पिऊ नये असे कोण म्हणेल? पण एप्रिल-मे आला की याच तालुक्यांतल्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. मोठे धरण बांधण्याची विद्या आपल्याकडे होती. शेताच्या बांधावर पाणी अडवण्याची विद्या तर त्याहून सोपी. फरक विद्येत नव्हता. कोणाची तहान मोजायची आणि कोणी ती निमूट सोसायची, हे आधीच मनात ठरलेले होते. पाड्यावरच्या माणसाला सवयच असते, असे शहरातला शहाणा माणूसही बोलून जातो.

1888 च्या मार्चमध्ये राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. जरीच्या पोशाखांत जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि येथे जमलेल्या श्रीमंतांवरून देशाची पारख करू नका, खरी प्रजा खेड्यात आहे, असे पाहुण्यांना ऐकवून आले. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत मांडवी येथे जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. जुलैमध्ये अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. हात गेला म्हणून लिहिणे थांबवले नाही. डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहून काढले. ते त्यांच्या मागे 1891 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकात एका कुटुंबाची कल्पना आहे. एकाच छपराखाली आईने बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा, वडिलांनी ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्मी व्हावे, आणि सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने नांदावे. आपल्यापैकी काहींना ही कल्पना पचणार नाही. तेव्हाही अनेकांना पचली नाही. पण त्यांचा माणसावरचा भरवसा किती खोल होता हे तीवरून दिसते. मुलीलाही स्वतः ग्रंथ वाचून निर्णय करता येतो, हे त्यांनी किती सहज धरून चालले आहे, तेही पाहा.

28 नोव्हेंबर 1890 रोजी पुण्यात जोतीरावांचे निधन झाले. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. 1863 मध्ये त्यांनी घरीच एक आसरा उघडला होता. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे आणि मूल मारून टाकू नये, यासाठी. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला तेथे मुलगा झाला. फुले पतिपत्नींनी 1874 मध्ये त्याला दत्तक घेतले आणि यशवंत नाव ठेवले. समाजाच्या नियमाप्रमाणे ज्याने जगायचेच नव्हते, त्या मुलाला त्यांनी शिकवले आणि तो डॉक्टर झाला. जोतीरावांच्या अंत्ययात्रेत त्याच्या हक्कावरून भाऊबंदांनी तंटा काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले आणि पुढे चालल्या.

1897 मध्ये पुण्यात प्लेगची साथ पसरली. डॉक्टर यशवंतरावांनी हडपसरजवळच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या वस्तीतला एक लहान मुलगा प्लेगने पडला आहे असे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यात त्यांनाच लागण झाली, आणि 10 मार्च रोजी त्या वारल्या. यशवंतराव साथीत रुग्णांना तपासत राहिले.